दहाव्याची परवानगी

कावळा लगेच शिवला.

भोंगवलीच्या घाटावर बसलेल्या बायांनी हात जोडले. ठकुबाई पदराआडून म्हणाली, "जिती असताना म्हातारी कवा येळंवर जेवली न्हाई. आज बगा, लेकाच्या हातचं म्हटल्यावर कशी घाई!" रडता रडता साऱ्या हसल्या.

रतनबाईनं डोळे मिटले. सासूचा जीव ज्ञानूतच अडकला होता. तो आला, त्यानं पिंड ठेवला, आणि म्हातारी शांत झाली. देवानं एवढं तरी ऐकलं.

ज्ञानू ओल्या धोतरात उभा होता. डोकं नुकतंच भादरलेलं. कमरेला दोर, दोराचं टोक पुण्याच्या हवालदाराच्या हातात. फौजदार बाभळीखाली बसला होता. भोंगवलीत वेठीविरुद्ध सभा घेतली म्हणून भोर संस्थानाला ज्ञानू हवा होता. तो निसटून पुण्याला, इंग्रजी मुलखात गेला. तिथल्या पोलिसांनी त्याला उचलून कोठडीत टाकलं. गुन्हा सांगितला नाही, कोर्टापुढं नेलं नाही. त्याचा शाळासोबती केशव वकील. तो मुंबईला हायकोर्टात धावला. जाताना म्हणाला, "वहिनी, धीर धरा. चौकीवर जाऊ नका."

पण मध्येच सासू गेली. दहाव्याला थोरला लेक नको? रतनबाईनं पुण्याची चौकी गाठली आणि नवऱ्यासाठी फौजदाराच्या पायांवर डोकं ठेवलं. एरवी गुरगुरणारा तो माणूस तिच्याशी मऊ बोलला.

"बाई, मलाही आई होती. घरच्यांनीच मागणं केलंय, मग आम्ही कशाला आडवे येऊ?"

तेव्हापासून देवापुढं निरांजन लावताना ती फौजदाराच्या लेकराबाळांसाठीही मागत होती.

उतारावरून सायकल आली. केशवच होता. अंगरखा घामानं भिजलेला, चेहरा मात्र उजळलेला.

"वहिनी, हेबियस कॉर्पसचा हुकूम झाला! सोमवारी ज्ञानूला मुंबईत कोर्टापुढं उभं करायचं. पोलिसांना कारण दाखवता आलं नाही, की तिथल्या तिथं सुटका. आणि कारण त्यांच्याकडं नाहीच!"

"सोमवारी?" रतनबाईनं आभाळाकडं बघून हात जोडले. "माज्या उपासाचाच वार."

तेवढ्यात केशवची नजर पाण्याकडं गेली. त्याच्या हातातली सायकल आडवी पडली.

"हा इथं कसा?"

"म्या मागून आणला. फौजदारसायेब देवमाणूस हायती."

फौजदार उठला. त्यानं स्वतःच्या हातानं ज्ञानूच्या कमरेचा दोर सोडला.

"जा बाबा. तुला धरून ठेवायला माझ्याकडं कारण नाही. मोकळा झालास."

बायांमध्ये गलका उठला. रतनबाई पुन्हा फौजदाराच्या पायांशी वाकली. या खेपेला त्यानं पाय मागं घेतले.

"पळ, ज्ञानू!" केशव ओरडला. "हद्दीचा दगड गाठ! पळ!"

ज्ञानू हसला. "येडा का खुळा तू, वकिला? मोकळा माणूस कशाला पळंल? आईला पाणी तरी देऊ दे."

त्यानं ओंजळीत तिळाचं पाणी घेतलं. भावकीच्या माणसांत बसलेले दोन पाहुणे उठले. कोणाचे कोण, हे कुणीच विचारलं नव्हतं. मयताच्या घरी विचारत नाहीत. एकानं घोंगडीखालून बेड्या काढल्या. दुसऱ्यानं भोरच्या शिपायाचा पट्टा दाखवला. ओंजळ फुटली, पाणी पायांवर सांडलं.

रतनबाईचे जोडलेले हात तसेच राहिले. तिनं फौजदाराकडं पाहिलं. तो बिडी पेटवत होता.

मग ती केशवकडं धावली. "आवो, तुमचा कागद दावा की त्यास्नी! हायकोर्टाचा हुकूम हाय न्हवं? दावा की!"

केशवनं कागद खिशातून काढलाच नाही. त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं.

"वहिनी, मुंबईच्या कोर्टाचा हुकूम इंग्रजी हद्दीतच चालतो. आज सकाळपर्यंत ज्ञानू त्या हद्दीत होता."