सहावी कंपनी

फोन वाजला आणि नानांनी वर्तमानपत्र आपटलं. "आली बघ सहावी कंपनी!"

चार दिवसांपूर्वी गाडीच्या विम्यासाठी त्यांनी संगणकावर एक संकेतस्थळ उघडलं होतं. 'अठरा कंपन्यांची निष्पक्ष तुलना, एका मिनिटात', असं वर ठळक अक्षरांत लिहिलेलं. एका मिनिटाची चाळीस मिनिटं झाली. गाडीचा रंगसुद्धा विचारून झाला. शेवटी तुलना दाखवायची सोडून त्याने घरचा फोन नंबर मागितला, आणि नानांनी तो भाबडेपणाने दिला. तेव्हापासून फोनला उसंत नव्हती. दर वेळी कंपनी वेगळी, दर वेळी विमा सर्वांत स्वस्त, आणि नानांनी दोन प्रश्न विचारले की स्वस्ताई गायब. जुन्या विम्याची मुदत उद्या संपत होती.

पण नानांची झोप उडाली होती ती विम्यामुळे नव्हे.

परवा तिसरा फोन ठेवल्यावर माई म्हणाली होती, "अहो, या सगळ्या कंपन्यांत एकच बाई बोलतेय."

"काहीतरीच तुझं. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या."

"मागचा पंखाही तोच आहे."

नानांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. खरं तर कशावरच फारसं बोलली नाही.

माईच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी तिला टपालवाला आणि शेजारचे गृहस्थ एकच माणूस वाटायला लागले. वर्षभरात पोटची मुलं ओळखू येईनात. म्हणून काल नानांनी गच्चीवर जाऊन लेकीला हळूच फोन केला होता. ती म्हणाली, "नाना, वेळ घालवू नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू. आणि आता आईला घरात एकटं ठेवायचं नाही." नाना बरं म्हणाले. पण माईला हे सांगायचं कसं, ते त्यांना सुचत नव्हतं.

माईने बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. त्या काळी परगावी फोन लावायचा तर आधी ऑपरेटरला सांगावं लागे. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी. शहरातले दोन-तीनशे आवाज तिला पाठ होते. लाकडाच्या वखारीचा मालक बोलण्याआधी घसा खाकरायचा, तेवढ्यावर ती त्याचा नेहमीचा नंबर जोडून मोकळी व्हायची. नानांची आणि तिची ओळखही तिथलीच. नकाशे काढणाऱ्या आरेखन खात्यातून नाना रोज फोन लावायचे. एक दिवस पलीकडून ती म्हणाली, "आज सर्दी झालीय वाटतं!" तोवर तिने त्यांचा चेहराही पाहिला नव्हता.

आता त्याच कानांवर नानांचा विश्वास उरला नव्हता.

फोन अजून वाजतच होता.

"द्या इकडे," माई म्हणाली.

"अगं, राहू दे. मी कटवतो तिला."

"द्या म्हणते ना." तिने स्पीकरचं बटण दाबलं.

"नमस्कार! अभिनंदन! आमचा विमा तुलनेत पहिल्या क्रमांकावर आलाय. मी..."

"नाव नको सांगूस," माई म्हणाली. "सोमवारी तुझं नाव वेगळं होतं, काल वेगळं. 'नमस्कार' म्हणताना शेवटी तू आवाज चढवतेस आणि मग आवंढा गिळतेस. तुझ्या जवळ कुठेतरी एक पंखा आहे, तो प्रत्येक फेरीला अडतो. पाचही वेळा तोच पंखा होता. हे खरं का खोटं, तेवढं सांग. विमा गेला खड्ड्यात."

नानांनी कान टवकारले. त्यांना कसलाही पंखा ऐकू आला नाही.

"आजी," पलीकडची बाई एकदम हळू आवाजात बोलायला लागली, "माझी नोकरी जाईल हं. पण खरं आहे. खोली एकच आहे आणि आम्ही दोघीजणी. अठरा नावं, मालक एकच. तुम्ही कुठलंही नाव निवडा, फोन आम्हीच करायचा. तुलना कसली नि काय!"

"आणि पंखा?"

"दुरुस्त करा म्हणून दोन महिने ओरडतोय आम्ही. ऐकतंय कोण?"

"घसा बसलाय तुझा. अधूनमधून कोमट पाणी पीत जा," माई म्हणाली. "आम्हीही आठ-आठ तास बोलायचो."

"हो आजी. आणि तुम्ही जुन्या विम्याच्या कचेरीत स्वतःच जाऊन या. तिथे निदान समोर माणूस तरी असतो."

फोन बंद झाला. नाना इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. लेकीला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, डॉक्टर नको नि काही नको.

"वा, ऑपरेटरबाई! एका फोनमध्ये अठरा कंपन्या बुडवल्यात! चला, कचेरीत जाऊन येऊ. येताना कॉफी माझ्याकडून."

माई उठली नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती खुर्चीत बसली होती.

"अगं, रडतेस काय? जिंकलीस की तू!"

"जिंकायला कोण बसलं होतं हो?" ती म्हणाली. "ती बाई 'खोटं आहे' म्हणाली असती ना, तर पुढचा फोन मी लेकीला करणार होते. सांगणार होते, मला डॉक्टरांना दाखवून आण, पण नानांना इतक्यात कळू देऊ नकोस."