बाराव्या मजल्याचं टेंडर

"एकदा का मी वर पोचलो," खुर्चीतले साहेब म्हणाले, "की तासाभरात शहरभर वीज."

सातव्या मजल्याच्या वळणावर खुर्ची जागच्या जागी थांबली. जिन्यात पुढून खुर्ची उचललेल्या मेहुण्याने मान वळवून मागे पाहिलं. मागे, म्हणजे दोन पायऱ्या खाली, सगळा भार छातीवर घेऊन लिफ्टवाला उभा होता. त्याला घाम आलेला होताच. आता नव्याने आला.

"साहेब, तुम्ही वीजवाले?"

"मुख्य अभियंता. आमचा नियंत्रण कक्ष तुमच्याच इमारतीत, बाराव्या मजल्यावर." साहेबांनी प्लास्टरमधला पाय सांभाळून हलवला. "वीज नाही म्हणून लिफ्ट नाही. लिफ्ट नाही म्हणून मी वर नाही. मी वर नाही म्हणून वीज नाही. खात्याने यावर महिनाभर विचार केला आणि खुर्चीचं टेंडर काढलं."

ते टेंडर लिफ्टवाल्यानेच भरलं होतं. 'इसम एक, वजन शंभर किलोपर्यंत, तळमजला ते बारावा.' धंद्यातलं पहिलं सरकारी काम. इसम कोण आणि खातं कुठलं, हे कागदावर नव्हतं आणि यानेही विचारलं नव्हतं. काम मिळाल्याच्या आनंदात बायकोने शेजारीपाजारी साखर वाटली होती.

चाळीस दिवसांपूर्वी इमारतीच्या मॅनेजरने त्याच्या हातात एक वेगळाच कागद ठेवला होता. नवी लिफ्ट बटणांवर चालेल, माणूस लागणार नाही. ती सुरू होईल त्या दिवशी जिन्याखालची खोली रिकामी करून किल्ली द्यावी. खोलीत तो, बायको, दोन मुली आणि तात्पुरता आलेला मेहुणा. मेहुणा तात्पुरता येऊन तीन वर्षं झाली होती. नवी लिफ्ट सुरू होणार त्याच्या आदल्या दिवशी शहराची वीज गेली. लोकांनी वीज खात्याला शिव्या घातल्या. लिफ्टवाल्याने मनातल्या मनात खात्याला हात जोडले. मग एका बंद पडलेल्या दवाखान्यातली चाकांची खुर्ची आणली, चाकं काढली, खाली दोन लोखंडी पाइप लावले, मुठींना सुतळी गुंडाळली आणि धंदा सुरू केला. आता सकाळी आठपासून नंबर लागत होते. लोक ठणठणीत पायांनी येऊन खुर्चीत बसत.

आठव्या मजल्यावर त्यांनी खुर्ची टेकवली. साहेब रुमालाने मान पुसू लागले. घाम त्यांनाही आला होता, बसून बसून. मेहुण्याने लिफ्टवाल्याला बाजूला घेतलं.

"दाजी, माझा पाय मुरगळू शकतो."

"कधी?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

लिफ्टवाल्याने जिन्याच्या कठड्यावरून खाली डोकावलं. आठ मजले खाली त्याच्या मुली पायरीवर बसून गृहपाठ करत होत्या. इथून त्यांच्या फक्त वेण्या दिसत होत्या.

"दहाव्यापर्यंत तरी चल," तो म्हणाला. "मग बघू."

दहाव्यावर एक दार उघडंच होतं. आत पलंगावर म्हातारी मास्तरीणबाई पडली होती. तिचं श्वासाचं मशीन बॅटरीवर चालायचं, आणि ती बॅटरी रोज नाक्यावरच्या जनरेटरवर चार्ज करून हेच दोघे वर आणायचे. मास्तरीणबाईची सून दारात आली.

"भाऊ, कालची बॅटरी आज दुपारीच बसली. आधी दिवसभर पुरायची."

तिच्यामागून श्वास ऐकू येत होता. एक यायचा, मग पुढचा येईपर्यंत सगळेच थांबायचे.

मेहुण्याने पाय थोडा वाकडा करून तयारच ठेवला होता.

"उचल," लिफ्टवाला म्हणाला.

"दाजी, खोली जाईल."

"जाईल."

"मग आपण जायचं कुठे?"

"आधी बाराव्यावर."

बाराव्या मजल्यावर 'प्रवेश बंद' अशी पाटी होती. साहेब कुबडी टेकत आत गेले आणि दार लोटलं. दोघे बाहेर थांबले. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग काहीतरी पडल्याचा. मग बराच वेळ कसलाच नाही. मग दार बोटभर उघडलं आणि फटीतून साहेबांचा हात आला.

"सुतळी आहे का?"

मेहुण्याने खुर्चीच्या एका मुठीची सुतळी सोडून हातात दिली. हात आत गेला. पाच मिनिटांनी पुन्हा आला. दुसऱ्या मुठीचीही गेली.

आणि वीज आली. जिन्यातले दिवे लागले. खाली दहाव्यावर मशीन घुर्रकन सुरू झालं आणि सून मोठ्याने रडली. त्या रडण्यावरून कळलं की बरं झालं. लिफ्टवाला भिंतीला टेकला. त्याने खिशातली खोलीची किल्ली चाचपली.

समोर नव्या लिफ्टच्या दारावर आकडे पळू लागले. तीन, सात, अकरा. दार उघडलं. आत मॅनेजर उभा होता. त्याचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, आणि चाळीस दिवसांत तो कधी त्याच्या वर चढला नव्हता. खुर्ची त्याने एकदाही बोलावली नव्हती. ती म्हणे इमारतीला शोभत नव्हती.

"चालली रे, लोण्यासारखी चालली," तो बाहेर येत म्हणाला. त्याने तळहात पुढे केला. "कागद वाचलायस ना तू? आण किल्ली."

लिफ्टवाल्याने किल्ली बाहेर काढली.

तेवढ्यात नियंत्रण कक्षाचं दार उघडून साहेब आले. कोपरापर्यंत काळे झाले होते, एका भुवईचे केस जळाले होते. लिफ्टवाल्याने जुन्या सवयीने एका हाताने त्यांच्यासाठी लिफ्टचं दार धरलं. साहेबांनी त्या उजळलेल्या लिफ्टकडे पाहिलं, कुबडी वळवली आणि खुर्चीत जाऊन बसले. पट्टा स्वतःच लावला.

"साहेब, लिफ्ट चालू आहे," मॅनेजर म्हणाला.

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "यांच्या सुतळीवर चालू आहे."

मॅनेजरने मागे वळून लिफ्टकडे पाहिलं. मग जिन्याकडे पाहिलं. बारा मजले होते. पुढे केलेला हात त्याने हळूच खिशात घातला.

"यांना खाली सोडलंत," तो लिफ्टवाल्याला म्हणाला, "की मला न्यायला याल ना तुम्ही?"