तिसरा तुकडा

"आजी, तिसरा तुकडा माझा असतो!" आसिमिना फणकारली. नववर्षाच्या केकचा पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा घराचा. तिसरा यंदा आजीनं सणासाठी अनाथाश्रमातून आणलेल्या चिमुकल्या लांबिसपुढे सरकवला. केकमध्ये लपवलेलं नशिबाचं नाणं दरवर्षी तिसऱ्याच तुकड्यात निघायचं. आजीची ही लबाडी आसिमिनाला ठाऊक होती. सगळे गप्पांत रंगले. ती जळफळत लांबिसच्या प्रत्येक घासावर डोळा ठेवून बसली. नाणं चमकलं. तिनं झडप घातली, तोवर ते त्याच्या तोंडात गेलं. पोर गुदमरलं. तिनं रागानंच बोट घालून नाणं काढलं. लांबिसनं भोकाड पसरलं. "जळकुकडे, अनाथ लेकराचं नशीब हिसकावतेस?" आजी कडाडली. तिनं आसिमिनाची मूठ उघडली. नाणं लाळेनं ओलं होतं. आजीनं लांबिसला छातीशी धरलं. "तुझं लक्ष होतं, म्हणून वाचला!"  आसिमिनाचं लक्ष होतं, पण लांबिसवर नव्हतं.