घोडीच्या पायाखालची फळी

वरातीच्या घोडीवर धुरपताबाईचं घर चालायचं. घोडी टेम्पोत चढवायच्या आधी म्हातारी दुखरे गुडघे धरत स्वतः वर चढायची, खालचं गवत सारायची आणि पोतं शिवायच्या दाभणानं एकेक फळी टोचून बघायची. घोडीचं मूत मुरलं की फळी वरून धड दिसते आणि आतून तिचा भुसा झालेला असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी नरसी गावच्या वरातीला निघताना दाभण फळीत असं शिरलं, जसं पिकल्या केळात शिरावं.

"माय, काहून टोचून राहिली? तिकडं नवरदेव खोळंबला," तिचा पोरगा नरसिंग कुरकुरला.

"नवरदेवाचा पाय मोडला तं लगीन पुढं ढकलता येते. घोडीचा मोडला तं आपली चूल इझते. काढ त्या फळ्या!"

त्यानं जुन्या उखडून नव्या फळ्या ठोकल्या.

"आन् माही न्हाणी बी बघ रं एखांद्या दिवशी. दिवाळीपासून फरशी खचून राहिली, पडंन मी."

"करतो माय," तो नेहमीसारखंच म्हणाला.

पण या खेपेला पोरानं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत फळ्या बसलेल्या बघून म्हातारीचा अर्धा शीण उतरला. तिनं तांब्या घेऊन पाय ठेवला, तशी फळी मऊ दबली. ती वाकली. लाकडात दाभणाची भोकं होती.

ती तशीच उंबऱ्यावर टेकली.


"नरसिंग, घोडीला आण रं इथं आंघोळीला. मी टेम्पोत न्हाते, तिथल्या फळ्या पक्क्या हाईत."