पुढचा प्रश्न

वार्ताहर म्हणून तिची पहिलीच पत्रकार परिषद, आणि रांगांमधून माइक फिरवायला तिचेच बाबा! पक्षकार्यालयातले जुने शिपाई. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, “गोडगोड प्रश्न विचार बये, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस.” तिचा हात कधीचा वर, पण बाबा दोनदा तिला ओलांडून गेले. शेवटी मंत्रीसाहेबच हसले, “त्या नव्या पोरीला द्या की!” माइक हाती आला. “साहेब, कोसळलेल्या पुलाचं कंत्राट तुमच्या मेहुण्यांना कसं मिळालं?” “पुढचा प्रश्न!” साहेब गुरकावले. “काढून घ्या तो माइक.” बाबांनी हात पुढे केला. तिने मुकाट्याने माइक दिला. घर त्यांच्याच पगारावर चालत होतं. बाबा मात्र पुढे सरकलेच नाहीत. आजवर माइकवर त्यांनी फक्त आवाज तपासला होता. “हॅलो, हॅलो… साहेब, पोरीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.”