तिसरी तपासणी

"अजून एक तपासणी बाकी." सकाळपासून कितव्यांदा तरी धाकटीने मोबाइल उघडला आणि तेच वाक्य पडद्यावर आलं.

कोर्स ऑनलाइन होता आणि फुकट होता. कपड्यांचे साचे काढायला, कापड बेतायला शिकवणारा. शिकवणाऱ्या बाई व्हिडिओत मोठ्या गोड बोलायच्या. पण चाळीस हजार जणांनी नावं घातलेली, एवढ्यांचं काम त्या एकट्या कुठून तपासणार? म्हणून नियम असा, की शिकणाऱ्यांनीच एकमेकांचं तपासायचं. तिघांनी गुण दिले की प्रमाणपत्र. त्यातही तपासायचा हक्क त्यालाच, ज्याने आपलं शेवटचं काम पाठवलंय. आणि शेवटपर्यंत टिकले किती, तर धाकटी धरून तिघं. बाकीच्या दोघांनी तिला भरभरून गुण दिले होते. आता तिसरा आणायचा कुठून? आभाळातून?

तिच्या शिवणकारखान्यात कटिंग मास्तरची जागा रिकामी होती. आज संध्याकाळपर्यंत प्रमाणपत्र दाखव, नाहीतर मी बाहेरचा माणूस घेतो, असं मालकाने तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे मग जन्मभर कॉलरीच जोडत बसायचं.

दिवेलागणीला मालकाचा फोन आला. तो फार बोलला नाही. माणूस मिळाला, म्हणाला. धाकटीने मोबाइल मांडीवर पालथा घातला.

ओट्याशी तिची थोरली जाऊ भाजी परतत होती. कडेवर धाकटीचंच बाळ. कोर्सला नाव दोघींनी एकदमच घातलं होतं. पहिल्या धड्याचा साचा थोरलीने असा काही सफाईने काढला, की धाकटी बघतच राहिली. आणि दुसऱ्याच धड्याला या थोरल्या बाईसाहेबांनी अंग काढून घेतलं. मला नाही जमायचं, एवढंच म्हणाल्या. धाकटीला तेव्हाच राग आला होता. तो तिने गिळला होता.

आज तो गिळवेना.

"ताई, तुम्ही टिकला असतात ना, तर तिसरं माणूस घरातच होतं माझं. एवढी हातात कला, आणि कंटाळा करून सोडून दिलंत. गेली माझी जागा."

थोरलीने गॅस बारीक केला. बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"कंटाळा नव्हता गं," ती म्हणाली. "तू व्हिडिओ लावलास की हे रडायला लागायचं. कुणीतरी उठायला हवंच होतं. मी उठले, ती परत बसलेच नाही."