आठचं बटण

"साहब, उठाऊँ?" क्रेनवाल्याने केबिनमधून विचारलं.

अविनाशचा अंगठा वर जायच्याच बेतात होता. गुडगावच्या त्या नव्या टॉवरच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा चढवायचा होता. ऐन वेळी त्याला दोन जादा गर्डर जोडले, म्हणून दोरांवरचा ताण त्याने तिथेच उभ्याउभ्या आपल्या जुन्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा काढला होता. एकेका दोरावर सहा टन आणि काही. दोर सात टनांचे. म्हणजे काळजी नव्हती.

"सर, रुको, एक मिनिट," क्षिप्रा म्हणाली. तिला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. "माझ्या फोनवर आठच्या वर येतंय."

आठ म्हणजे दोर तुटणार, आणि सांगाड्याला आवर घालायला दोघं जण खाली उभे. तरी अविनाशच्या तोंडून निघाला तो रागच.

"कोन डिग्रीऐवजी रेडियनमध्ये धरत असेल तुझं ते अ‍ॅप."

"नाही सर, डिग्रीच आहे. दोनदा चेक केलं."

हा कॅल्क्युलेटर त्याच्याकडे कॉलेजपासून होता. बटणांवरचे आकडे पुसट झाले होते, पण त्याची बोटं अंधारातही चुकली नसती. याला ना रेंज लागते ना चार्जिंग, असं तो प्रत्येक नव्या इंजिनियरला ऐकवायचा आणि फोन काढणाऱ्याची यथेच्छ टिंगल करायचा. आज सगळ्या साइटसमोर ही पोरगी त्यालाच खोटं पाडत होती.

त्याने हिशेब पुन्हा केला. पुन्हा सहा. "बघ," म्हणत त्याने कॅल्क्युलेटर तिच्या नाकासमोर धरला.

क्षिप्रा काचेकडे बघत राहिली. "सर, प्लीज, नुसता आठ दाबा ना. पूर्ण लाइन भरेपर्यंत."

नाइलाजाने तो दाबत गेला. आठामागे आठ उभे राहिले. डावीकडच्या पहिल्या जागी मात्र आठाची वरची उजवी रेघ उमटलीच नाही. तिथे सहा होता. लांबलचक उत्तराचा पहिला आकडा नेमका तिथेच पडायचा.

अविनाशने मूठ वर केली. क्रेनची घरघर बंद पडली. खालची दोघं बाजूला होऊन बिडी पेटवू लागली.

"वाचलो सर," क्षिप्रा म्हणाली. मग तिने विचारलं, "पण ही रेघ गेलीय कधीपासून?"

शेजारच्या टॉवरची टाकी त्याने मागच्याच महिन्यात बसवली होती. तिच्या बोल्टांवरचा भार याच कॅल्क्युलेटरवर काढला होता. त्याने मान वर केली. तिथे लोक राहायला आले होते, बाल्कन्यांत कपडे वाळत होते. टाकी काठोकाठ भरली होती, आणि वरच्या नळीतून जादा पाणी भिंतीवरून खाली ओघळत होतं.